विसरलेल्या टॉर्चचा हिशोब

लाइट गेले की घरातली टॉर्च शोधायला मोबाइलची टॉर्च लावायची, आणि ती एकदा लावली की खऱ्या टॉर्चची गरजच उरत नाही. बहुतेक घरांत टॉर्चची कथा इथेच संपते. मग कधीतरी आवराआवरीत ती कपाटाच्या तळाशी सापडते. मागचं झाकण फिरत नाही. फिरलंच तर आतल्या सेलांवर पांढरा खरखरीत थर चढलेला असतो, स्प्रिंग खाल्लेली असते, आणि कुणीतरी हळहळतं, "चांगली होती हो, फारशी वापरलीसुद्धा नव्हती."

वापरली नव्हती म्हणूनच ती मेली. टॉर्च घेताना आपण ती पेटलेली कशी दिसेल एवढंच बघतो. पण तिचं बहुतेक आयुष्य विझलेल्या अवस्थेत जातं आणि त्या काळात आत काय चाललंय याचा विचार कुणी करत नाही.

मला टॉर्चचा नाद आहे. ओळखीतल्यांना ते ठाऊक असल्यामुळे "कोणती घेऊ?" हा प्रश्न अधूनमधून येतो. विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं, आणि त्या नावाशेजारी एखादा भरभक्कम आकडा. मी उलट विचारतो, "घेतल्यावर ती किती दिवस कुणी हात न लावता पडून राहणार आहे?" समोरचा जरा गोंधळतो. पण याचं उत्तर मिळालं की निम्मी निवड आपोआप होते. खिशातली टॉर्च विसरली जात नाही, रोज हाताला लागते. गाडीतली हमखास विसरली जाते. घरातली सगळ्यांच्या लक्षात असते, पण ती नेमकी कुठे आहे हे कुणालाच माहीत नसतं. विसरण्याच्या या तीन तऱ्हा आहेत, आणि तिघींना एकच टॉर्च पुरत नाही.

आधी मोबाइलचं बघू, कारण "हातात मोबाइल असताना वेगळी टॉर्च कशाला?" हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. जिन्यावर पडलेली किल्ली शोधायला मोबाइल पुरतो. पण तो दिवा मुळात कॅमेऱ्यासाठी बसवलेला आहे. कॅमेऱ्याला जेवढं दिसतं तेवढ्या सगळ्या भागावर उजेड सारखा पसरावा, हे त्याचं काम. त्याला खोलगट आरसा नसतो, त्यामुळे झोत तयार होत नाही. पाच-सात मीटरपलीकडे उजेड विरून जातो. तो पेटवायला बहुधा पडदा जागा करावा लागतो, आणि अंधाराला सरावलेले डोळे त्या पडद्यानेच आधी दिपतात. शिवाय ज्या अडचणीत उजेड लागतो, बहुधा त्याच अडचणीत फोनही लागतो. दोन्ही कामं एकाच बॅटरीवर टाकणं मला पटत नाही. आणि पालथं पडून गाडीखाली बघताना फोन तोंडात धरता येत नाही, हे तर आहेच.

या वस्तूचं दुखणं पहिल्या दिवसापासून सेलचंच आहे. १८८० च्या दशकात कार्ल गास्नर या जर्मन माणसाने कोरडा सेल बनवला, म्हणून सांडणारं द्रव बरोबर न बाळगता वीज हातात घेऊन फिरता यायला लागलं. १८९९ मध्ये डेव्हिड मिझेलला अमेरिकेत नळीच्या आकाराच्या विजेरीचं पेटंट मिळालं. ते कॉनराड ह्यूबर्टच्या कंपनीकडे होतं, पुढे तीच एव्हरेडी झाली. त्या काळच्या सेलांत दम नव्हता आणि कार्बनच्या तारेचे दिवे वीज खायचे फार. क्षणभर पेटवायची, बघून घ्यायचं, विझवायची आणि सेलला दम खाऊ द्यायचा, असा तो कारभार होता. आज दिव्याची बाजू इतकी सुधारली आहे की चांगली एलईडी हजारो तास चालते, तार तुटायचा प्रश्नच नाही. सेलही पुष्कळ सुधारले. तरी साखळीतली कच्ची कडी अजून तेच आहेत. विकणारे मात्र दिव्याचंच कौतुक सांगतात.

हे कौतुक लुमेनमध्ये चालतं. दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं हे माप. तो उजेड किती एकवटला आहे ते सांगतो कॅन्डेला. दूरवर झोत टाकायचा असेल तर कॅन्डेला बघायचा, खोली उजळायची असेल तर लुमेन. २००९ मध्ये अमेरिकेत टॉर्च बनवणाऱ्यांनी एकत्र येऊन एफएल १ नावाचं मानक ठरवलं. खोक्यावरचे आकडे निदान एकाच पद्धतीने मोजलेले असावेत, हा हेतू. पण ती पद्धत माहीत नसेल तर आकडे फसवतात. लुमेन मोजायचे ते टॉर्च पेटवल्यापासून अर्ध्या मिनिटाने ते दोन मिनिटांच्या आत. आणि "चालण्याचा वेळ" धरायचा तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे खोक्यावर "१००० लुमेन, ३ तास" लिहिलेलं असेल तर ते खोटं नसतं. पहिली काही मिनिटं १०००, मग गरम होऊन उतरत-उतरत शेवटी १००, आणि या सगळ्याला मिळून ३ तास. अंतराचंही तसंच. झोताचा उजेड पाव लक्सवर, म्हणजे साधारण निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका, येईल तिथपर्यंतचं अंतर छापतात. कॅन्डेलाचं वर्गमूळ काढून त्याची दुप्पट केली की हा आकडा येतो. १०,००० कॅन्डेला असतील तर २०० मीटर. त्या २०० मीटरवर काहीतरी आहे एवढं कळेल. ते कुत्रं आहे की पोतं, हे ओळखायला निम्म्या अंतरावर जावं लागेल.

माझी स्वतःची कसोटी याहून सोपी आहे, आणि ती कागदावर दोन ओळींत होते. चांगला १८६५० सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा लिथियम-आयन सेल, ३५०० एमएएचचा धरला तर त्यात साधारण साडेबारा वॉट-तास वीज असते. एका वॉटमागे टॉर्चमधून १०० लुमेन मिळतात असं ढोबळ मानलं तर हाती आले साडेबाराशे लुमेन-तास. ते हवे तसे खर्चा: १००० लुमेन सव्वा तास, १०० लुमेन बारा तास, १० लुमेन पाच दिवस. एका साध्या चार्जेबल पेन्सिल सेलमध्ये याच्या पाचव्या हिश्श्याइतकीच वीज असते. एका पेन्सिल सेलवर हजारो लुमेन तासन्‌तास मिळण्याची गोष्ट कुणी सांगितली तर हा गुणाकार करून बघायचा. १८६५० सेलवर ९९०० एमएएच छापलं असेल तर गुणाकाराचीही गरज नाही. त्या आकाराच्या सेलची मजल चार हजारांच्या आसपास संपते.

उजेड वाढवला की उष्णता वाढते. १००० लुमेनसाठी लागणाऱ्या दहाएक वॉटपैकी बराच भाग उष्णता होऊन बोटाएवढ्या धातूच्या नळीत जिरवायचा असतो. ती बाहेर टाकायला टॉर्चला मोठा मार्ग एकच असतो, तो म्हणजे तुमचा तळहात. म्हणून चांगल्या टॉर्चमध्ये तापमान बघून उजेड कमी करणारी सोय असते. लोक तिला दोष मानतात. मी तिला शहाणपण म्हणतो.

पण मोठ्या आकड्याच्या विरोधात सगळ्यात बळकट साक्ष डोळ्यांचीच आहे. डोळ्याला उजेड दुप्पट वाटायचा तर तो चौपटीच्या आसपास वाढवावा लागतो. ८०० आणि १००० लुमेनमधला फरक शेजारीशेजारी धरूनही धड कळत नाही. उलट अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि ती कमाई एका लख्ख झोताने क्षणात जाते. त्यामुळे मी टॉर्च बघतो ती खालून वर. सगळ्यात मंद पातळी किती? एक लुमेनच्या आत असेल तर उत्तम. रात्री अडीच वाजता पाणी प्यायला उठावं, शेजारी झोपलेल्याला कळूही नये, आणि परत येऊन पडल्यावर झोप उडालेली नसावी, याला अर्धा लुमेन पुरतो. पांढऱ्या भिंतीच्या छोट्या खोलीत २०० लुमेन पेटवले तर भिंतच डोळ्यांवर येते. तरी खोक्यावर सगळ्यात लहान अक्षरांत जो आकडा असतो तो या मंद पातळीचाच.

खिशातल्या टॉर्चबद्दल मी सगळ्यात जास्त बोलू शकतो, कारण सगळ्यात जास्त वापर तिचाच. अंधार पडायची वाट बघावी लागत नाही. टेबलामागची वायर, सोफ्याखाली गेलेला स्क्रू, मीटरच्या पेटीतले अंक, कुणाचा तरी घसा, टाकीतली पाण्याची पातळी, हे सगळं दिवसाउजेडीचं काम आहे. या कामांना ५० ते १५० लुमेन पुष्कळ होतात. महत्त्वाचं असतं ते तिचं खिशात असणं. जड झाली की ती खिशातून बॅगेत जाते, बॅगेतून खणात जाते, आणि मग तीही विसरलेल्यांत जमा होते. बोटाएवढी लांबी, पुरेशी घट्ट पण कापड न फाडणारी क्लिप, एवढ्यावर माझं समाधान होतं. क्लिप उलटी लावून टोपीच्या कडेलाही अडकवता आली तर हात मोकळे राहतात.

बटण कुठे आहे यावर टॉर्चवाल्यांत मोठे वाद आहेत. शेपटीकडचं बटण मुठीत धरून अंगठ्याने दाबायचं. हे संरक्षणाच्या कामाचं, असं म्हणतात. घरकामाला मला बाजूचं बटण बरं वाटतं, कारण टॉर्च पेनासारखी धरली तरी बोट तिथे आपोआप पोचतं. ते बटण मात्र न बघता हाताला लागलं पाहिजे, एवढं उठून. आणि खिशात आपोआप दाबलं जाऊ नये, एवढं बसकं. या दोन अटींचं जमत नाही, म्हणून कुलूप लागतं. अनेक टॉर्चमध्ये मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की वीजमार्गच तुटतो, कारण आट्यांवरचा ॲनोडाइज केलेला थर वीज वाहू देत नाही. ही युक्ती मला फार आवडते. ना सॉफ्टवेअर, ना चार वेळा दाबायचं गुपित. ताकदवान टॉर्च खिशात चुकून पूर्ण उजेडात पेटली तर कापड जाळू शकते, तेव्हा याला खेळ समजू नये.

बटण पहिल्यांदा दाबल्यावर कोणता उजेड येतो? निवडीतला हा एक प्रश्न मी कधीच सोडत नाही. काही टॉर्च मागची पातळी लक्षात ठेवतात. म्हणजे काल अंगणात हजार लुमेनवर बंद केली असेल तर आज पहाटे डोळ्यांत हजार लुमेन. मला मंदापासून सुरू होणारीच हवी. लुकलुकणारे प्रकार, एसओएस वगैरे, खोल कुठेतरी लपलेले असावेत. नसलेच तर आणखी बरं.

खिशातल्या टॉर्चमध्ये चार्ज होणारा लिथियम-आयन सेल योग्य, कारण ती रोज वापरात असते आणि तिची भूक रोज लक्षात येते. यूएसबी-सी असेल तर वेगळी वायर सांभाळावी लागत नाही. यात एक खोच आहे. पुष्कळ स्वस्त टॉर्चमध्ये सी आकाराचं तोंड असतं, पण आतले ५.१ किलोओहमचे दोन रोधक वाचवलेले असतात. मग दोन्ही टोकांना सी असलेली वायर लावली तर चार्जर तिला ओळखतच नाही आणि टॉर्च मेली असं वाटतं. जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरला लावली की सुखाने चार्ज होते. चुंबकाने चिकटणाऱ्या खास वायरीच्या मी वाटेला जात नाही. ती वायर हरवली की टॉर्च हरवल्यातच जमा. विमानाने जाताना सुटे लिथियम सेल सामानात न टाकता हातातल्या पिशवीत, प्रत्येक वेगळा झाकून ठेवायचा, हेही इथेच सांगून टाकतो.

आता रंग. याबद्दल कमी बोललं जातं आणि माझं म्हणणं आहे की लुमेनच्या निम्म्याने तरी बोललं जावं. पांढरी एलईडी मुळात पांढरी नसते. आत निळी एलईडी असते, तिच्यावर पिवळा उजेड देणाऱ्या फॉस्फरचा लेप असतो आणि दोन्ही मिसळून डोळ्याला पांढरं भासतं. ती निळी एलईडी घडवायलाच काही दशकं गेली. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामाबद्दल. या मिश्रणात निळा भरपूर, पिवळा भरपूर आणि लाल कमी. म्हणून स्वस्त टॉर्चच्या उजेडात माणसं आजारी दिसतात, लाल आणि तपकिरी वायर सारखी दिसते, पायाला लागलेला चिखल आहे की रक्त हे पटकन कळत नाही. रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडा म्हणजे सीआरआय, १०० पैकी. त्यातलं लाल रंगाचं माप आर ९ म्हणून वेगळं देतात. सीआरआय ९० च्या वर असेल तर त्याच सेलवर लुमेन थोडे कमी मिळतात. मी ते आनंदाने सोडतो. उजेडाचा तोल केल्विनमध्ये सांगतात. ६५०० म्हणजे निळसर थंड, ३००० म्हणजे पिवळसर ऊबदार. ४००० ते ५००० च्या मधला उजेड माझ्या डोळ्यांना मानवतो. धुक्यात किंवा पावसात तर निळसर लख्ख झोत समोर पांढरा पडदाच उभा करतो असं मला वाटत आलंय. कुणाला उलटाही अनुभव असेल.

गाडीचं गणित सगळं फिरतं. तिथे टॉर्च ठेवली की ठेवली. पुढच्या वेळी आठवेल ती अडचणीतच, आणि ती वेळ दोन महिन्यांनी येईल की चार वर्षांनी, काही सांगता येत नाही. मधल्या काळात ती उन्हात भाजून निघते. बंद गाडीचा डॅशबोर्ड कडक उन्हात ६० ते ७० अंशांपर्यंत तापू शकतो. पूर्ण चार्ज केलेल्या लिथियम-आयन सेलला दोन गोष्टी सगळ्यात जास्त म्हातारं करतात: भरलेलं पोट आणि उष्णता. इथे दोन्ही एकदम मिळतात. अल्कलाइन सेल ठेवावेत तर ते गळतात. आत हायड्रोजन वायू साठत जातो, सील सुटतं, पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, आणि हवेशी संयोग होऊन त्याचा तो पांढरा थर बनतो. ॲल्युमिनियमच्या नळीत असे सेल फुगून अडकले तर टॉर्च टाकूनच द्यावी लागते.

म्हणून गाडीत मी चार्ज न होणारे लिथियम सेल ठेवायला सांगतो. आकार पेन्सिल सेलचाच, व्होल्टेजही दीड. आतलं रसायन लिथियम आणि आयर्न डायसल्फाइडचं. ते गळण्याचा धोका फार कमी, पडून राहिले तरी वीस वर्षांपर्यंत टिकतात असं बनवणारे सांगतात, आणि उणे ४० पासून ६० अंशांपर्यंत काम करतात. महाग पडतात हे खरं. पण एकदाच घ्यायचे असतात. ६० ही त्यांचीही मर्यादा असल्यामुळे जागा डॅशबोर्डची नको. सीटखाली किंवा दाराच्या खालच्या कप्प्यात तापमान पुष्कळ कमी असतं. डिकीत मात्र ठेवू नका. गाडी वाकडीतिकडी थांबली, दार अडकलं, डिकीवर सामानाचा डोंगर असला, तर टॉर्च असून नसल्यासारखी. बसल्या जागेवरून हात पोचला पाहिजे.

गाडीच्या टॉर्चचं बटण साधं, खटक्याचं असावं. ज्यांचं बटण इलेक्ट्रॉनिक असतं त्या टॉर्च बंद असतानाही बटणाची वाट बघत थोडी-थोडी वीज खात राहतात. खिशातल्या टॉर्चला त्याने काही फरक पडत नाही. चार वर्षं पडून राहणारीला पडतो. खटका वीजमार्ग तोडूनच टाकतो. इलेक्ट्रॉनिक बटणाचीच टॉर्च असेल तर तिचं झाकण सैल करून ठेवायचं, किंवा सेल शेजारी छोट्या डबीत.

आणि खरं सांगायचं तर गाडीत टॉर्चपेक्षा डोक्याला लावायचा दिवा जास्त कामाचा. स्टेपनी काढा, जॅक लावा, पान्ह्यावर जोर द्या, प्रत्येक कामाला दोन हात लागतात. तोंडात टॉर्च धरून नट फिरवणाऱ्या माणसाला दाताखालच्या ॲल्युमिनियमची चव आयुष्यभर लक्षात राहते. चुंबकवाली टॉर्चही चांगली, पण सगळी बॉनेट लोखंडाची नसतात. ॲल्युमिनियमला आणि प्लास्टिकला चुंबक चिकटत नाही, तेव्हा आधी आपल्या गाडीवर लावून बघा. मागून येणाऱ्यांना दिसावं म्हणून लाल किंवा पिवळा लुकलुकणारा दिवा लागतो. लुकलुकण्याला माझी हरकत नसलेली ही एकमेव जागा. काही टॉर्चच्या तोंडाला दातेरी कडा असते आणि तिने काच फोडता येते असं सांगतात. बाजूच्या काचा टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या, असतील तर टोकदार पोलादी आघाताने त्या फुटतात. पुढची काच दोन थरांत चिकटवलेली असते, तिच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच असतात. ज्याला ही भीती खरोखर वाटते त्याने काच फोडायचं वेगळं अवजार घ्यावं. टॉर्चला टॉर्च राहू द्यावं.

घराचा प्रश्न सेलपेक्षा माणसांचा आहे. तिथे टॉर्च कुणाच्याही हातात जाते: लहान मुलाच्या, पाहुण्याच्या, चष्मा न सापडलेल्या माणसाच्या. मी एकदा कौतुकाने एक देखणी टॉर्च आईकडे दिली. तिने बटण दाबलं, उजेड आला. बंद करायला दाबलं तर उजेड वाढला. आणखी दोनदा घाईने दाबलं तर ती फडफडायला लागली. आई म्हणाली, "ही डोळा का मारतेय मला?" आणि गादीवर पालथी टाकून दिली. टॉर्च उत्तम होती, पण घरासाठी नव्हती. घरच्या टॉर्चला एक दाब पेटायला, एक दाब विझायला. त्यापलीकडे एखादी पातळी मिळाली तर ती लांब दाबून.

तिची जागा ठरलेली हवी आणि ती जागा भिंतीवर हवी, खणात नाही. खणात ठेवलेल्या वस्तूवर दुसरी वस्तू येते. खुंटीवर टांगलेलीवर येत नाही. दोरीला अंधारात चमकणारी पट्टी बांधली तर दिवे जाताच ती काही वेळ दिसत राहते. एक पलंगाजवळ, एक बाहेरच्या दाराजवळ. दोन साध्या टॉर्च दोन ठिकाणी असणं हे एका भारी टॉर्चपेक्षा बरं.

लाइट बराच वेळ गेले तर झोत नको असतो, पसरलेला उजेड हवा असतो. त्यासाठी कंदिलासारखा दिवा घेता येईल, पण नसला तरी अडत नाही. मागची बाजू सपाट असलेली टॉर्च टेबलावर उभी करायची आणि छताकडे तोंड करून पेटवायची. पांढऱ्या छतावरून परतणारे २०० लुमेन अख्ख्या खोलीत गप्पा मारण्याइतका उजेड देतात, आणि कुणाच्या डोळ्यांत जात नाहीत. टॉर्च उभी राहते का, हे घेताना टेबलावर ठेवून बघावं. शेपटीकडे फुगीर बटण असेल तर ती लवंडते.

घरासाठी पेन्सिल सेलवर चालणारी टॉर्च मला पटते, कारण तसे सेल घड्याळात, रिमोटमध्ये, कुठे ना कुठे असतात आणि ऐनवेळी काढून घालता येतात. एरवी चार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल ठेवावेत. पूर्वी हे सेल पडल्यापडल्या दोन-चार महिन्यांत रिकामे व्हायचे, म्हणून त्यांची बदनामी झाली. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणले, तेव्हापासून सावकाश झिरपणारे सेल मिळतात आणि ते वर्षभर पडून राहिले तरी बराचसा भार टिकवून असतात. जुना आणि नवा सेल एकत्र घालायचा नाही, ही घरोघरी सांगितली जाणारी सूचना खरी आहे. जुना आधी संपतो आणि मग नवा त्याच्यातून जबरदस्तीने वीज ढकलत राहतो, गळती तिथूनच सुरू होते. गळालेल्या जागेवर कापसाने थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावला तर तो थर विरघळतो. मग पुसून पूर्ण वाळवायचं.

१४५०० नावाचा एक लिथियम-आयन सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो. तो ३.७ व्होल्टचा आहे. खणात सुटा पडला आणि कुणी तो मुलाच्या खेळण्यात घातला तर खेळणं तरी जळेल किंवा त्याहून वाईट काहीतरी होईल. मोकळे लिथियम-आयन सेल किल्ल्या-नाण्यांजवळही ठेवू नयेत. दोन्ही टोकं धातूने जोडली गेली तर ते पेट घेऊ शकतात. ज्या घरात सगळ्यांनाच सेलमधला फरक कळत नाही, तिथे हा प्रकार आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

विसरण्याला खरा तोड म्हणून हाताने फिरवायच्या टॉर्चकडे बोट दाखवलं जातं. सेलच नको, विसरायचं काय? कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फिलिप्सने हॉलंडमध्ये मुठीने दाबायची डायनॅमो टॉर्च बनवली होती. दाबत राहा, उजेड येत राहील. त्या टॉर्चमध्ये खरोखरच साठवण नव्हती, म्हणून पडून राहून बिघडण्यासारखंही काही नव्हतं. आज मिळणाऱ्या दांडीवाल्या टॉर्चपैकी बऱ्याचशांच्या पोटात मात्र एक छोटासा चार्जेबल सेल असतो. दांडी फिरवून तो भरायचा. काही वर्षांनी तो मरतो आणि दांडी नुसतीच फिरते. तेव्हा इथेही आत काय आहे हे विचारून घ्यावं लागतं.

पाण्याबद्दल थोडक्यात. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे चालतील, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आयपीएक्स ८ म्हणजे त्याहून खोल, किती ते बनवणाऱ्याने सांगायचं. मधला एक्स याचा अर्थ धुळीची परीक्षा घेतलेली नाही. रबराचं कडं सुकलं की हे सगळे आकडे बाद, म्हणून अधूनमधून त्याला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावायचं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मित्र विचारतात, "आणि तुझ्याकडची ती मोठी?" मोठी आहे खरी. मनगटाएवढी जाड, तोंड खोल आणि आरशासारखं गुळगुळीत, ६२,५०० कॅन्डेला, म्हणजे कागदावर अर्धा किलोमीटर. नादापायी घेतली. ती खिशात मावत नाही, गाडीत ठेवण्यासारखी नाही, आणि घरात लावली तर भिंतीवर एक पांढरा ठिपका आणि बाकी सगळा अंधार. अर्धा किलोमीटरवर मला अजून काही बघायचं निघालेलं नाही. पडूनच राहणार हे माहीत असल्यामुळे तिचा सेल अर्धा चार्ज करून, बाहेर काढून, प्लास्टिकच्या डबीत ठेवला आहे. डबीवर तारीख घातली आहे.